बटाट्याची कावीळ

देवासहून धरमपुरीला सरळ बस नाही, आणि इंदूरला उतरून पुढची बस विचारावी तर चार जणं चार बाजूंना हात दाखवतात. एकानं ढकलून बसवलं तर खिडकी बंद होईना. मानपूरच्या घाटात धूळच खाल्ली. हं, आता नमस्कार. जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, धामनोदला उतरा, तिथून धरमपुरीच्या गाड्या मिळतात. कचोरी धामनोदलाच खा.

मी काही नर्मदा बघायला गेले नव्हते. धाकट्या बहिणीची, कुसुमची, सून वैशाली सात महिन्यांची गरोदर. डोळे पिवळे झालेले, आणि कुसुम तिला झाडा घालणाऱ्याकडे, म्हणजे मंत्रानं कावीळ उतरवणाऱ्याकडे, नेत होती. तो हातांना आंब्याच्या खोडाच्या सालीचा रस चोळतो, चुन्याच्या पाण्यानं धुतो. पाणी पिवळं झालं की म्हणतो, कावीळ उतरली. पोरगी दवाखाना म्हणत होती, हिला पटेना. मी पिशवी भरली.

धरमपुरीत अंधश्रद्धेविरुद्ध बोलणारं एक विचार मंडळ आहे. आमच्याकडची असली मंडळं माईक लावून लोकांना मूर्ख म्हणतात आणि घरी जातात. इथं भजनाच्याच सतरंजीवर बसतात. आधी पोहे, मग बोलणं. कुणाचं खोडायचं तर "भिया, बुरा मत मानना" म्हणून सुरुवात; भिया म्हणजे आमच्याकडचा भाऊ. आणि माळव्यात पाहुण्याला आग्रह करून वाढतात ना, ती मनुहार, तसे इथं प्रश्न वाढतात. पोट भरलं म्हणालात तरी एक घ्यावाच लागतो.

कुसुमला ओढून नेलं. मंडळाच्या मास्तरांनी सगळ्यांसमोर साल चोळून स्वतःचेच हात धुतले. पाणी पिवळं. मागून एक बाई शेजारणीला म्हणाली, "मतलब मास्टरजी को भी हो गया." बायकांनी माना हलवल्या. मास्तर रसायनशास्त्र सांगू लागले, तेव्हा मी म्हटलं, ती शाळा शाळेत ठेवा. माणूस बरा, रागावला नाही. कुसुमकडे वळून हात जोडले.

"काकीजी, एक सवाल और लो."

"पुरे झालं."

"मेरे हाथ से. बस एक."

असं म्हटल्यावर माळव्यात नाही म्हणता येत नाही. मास्तरांनी प्रश्न वाढला, "बीमारी मुझे है कि रंग छाल का है, कैसे पता करें?" कुसुम म्हणाली, "ज्याला कावीळ होऊच शकत नाही, त्याला धुवा."

पोह्यांसाठी आणलेल्यांतला एक उरलेला कच्चा बटाटा आला. साल चोळली, चुन्याचं पाणी ओतलं. पिवळं. कुणी हसलं नाही. कुसुमनं बटाटा हातात घेऊन उलटापालटा केला, खाली ठेवला आणि मला विचारलं, "ताई, धारची पहिली बस कधी?"

धारला जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी उशीर केला म्हणून चांगलं झापलं. कुसुमनं मान खाली घालून ऐकलं. वैशाली अजून तिथंच आहे, पण डोळे निवळताहेत, बाळ हलतंय, आणि सासू उशाशी बसून डॉक्टरीणबाईंना प्रश्न वाढतेय.

मी देवासला परतले. बटाट्याची गोष्ट सांगितली की लोक हसतात. मला मात्र दुसरंच खुपतंय. वैशाली पहिल्या दिवसापासून दवाखाना म्हणत होती. तिला कुणी "एक और" म्हटलं नाही.

तर सांगा, तुमची सून काय म्हणत होती आणि तुम्ही काय ऐकलं? खाली उत्तर सासवांनीच लिहायचं. फोन सुनेच्या हातात द्यायचा नाही, आणि मुलग्यांनी मध्ये बोलायचं नाही.