वगळलेले आकडे

पट्टीताईंचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. नवरा गेल्यावर पाणीखात्यात लागल्या, तेव्हापासून त्यांचं काम एकच. सांगितलेल्या खुणेवर चार मीटरची पट्टी उभी धरायची आणि पलीकडून इंजिनिअर दुर्बिणीतून आकडा वाचेपर्यंत हलायचं नाही. नाकावर माशी बसली तरी नाही.

त्या शहरात बोअरने पाणी उपसून उपसून खालची चिकणमाती दबत चालली होती, आणि तिच्यासोबत वरची घरं. कुठली गल्ली किती खचली ते दरवर्षी मोजायचं आणि आकडे मुख्य कार्यालयाला द्यायचे. तिथल्या कॉम्प्युटरमधलं मॉडेल त्यावरून पुढचा अंदाज बांधून नकाशा काढायचं. हिरवं म्हणजे निर्धास्त, लाल म्हणजे घर सोडा. मोजणी सुरू व्हायची ती ताई लागल्या त्याच वर्षी खात्याच्या आवारात जमिनीत बसवलेल्या एका पितळी खुंटीपासून. खुंटी हलत नाही, असं सगळ्यांनी धरलेलं होतं.

ताईंचे दीर आणि धाकटी जाऊ चढावरच्या गल्लीत, खालच्या टोकाला राहायचे. गल्लीचं खालचं टोक मातीवर होतं आणि वरचं खडकावर, हे नंतर कळलं. वरच्या टोकाची खूण मात्र दरवर्षी थोडी वर आलेली दिसायची. जमीन वर कशी येईल? इंजिनिअर म्हणायचे, पट्टी तिरकी धरली असणार, आणि तो आकडा वगळून टाकायचे. पट्टी कलली तर आकडा वाढतो आणि खूण उलट खाली गेल्यासारखी दिसते, हे ताईंना ठाऊक होतं. एकदा तसं बोलून पाहिलं. इंजिनिअर हसले आणि त्यांनी पाण्याची बाटली मागितली.

पुढे जावेच्या मागच्या खोलीचं दार अडकायला लागलं. सुताराने दोनदा रंधा मारला. जाऊ विचारायची, घर बसतंय का. ताई नकाशा दाखवून सांगायच्या, गल्ली हिरवी आहे. घरात मोजणीतलं कळणाऱ्या त्या एकट्याच, त्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा. दीर दुसरीकडे जायचं म्हणत होते, ते थांबले.

अकराव्या वर्षी एका दुपारी ताई आवारातल्या बंद बोअरच्या चौथऱ्यावर डबा खात होत्या. बोअरच्या लोखंडी पाइपाच्या तोंडाची रुंद कॉलर पूर्वी चौथऱ्याला टेकलेली असायची. आता मधल्या फटीत हाताचा पंजा उभा जात होता. पाइप पार खालच्या खडकावर उभा, तो वर येणं शक्य नव्हतं. म्हणजे चौथराच खाली गेला होता, आणि दोन पावलांवरची पितळी खुंटीही. खुंटी आणि गल्ली बरोबरीने खचत असतील, तर फरक शून्यच येणार.

त्यांनी इंजिनिअरना बोलावून आणलं. त्यांनी पाइपाशी उकिडवं बसून फटीत हात घालून पाहिला. मग म्हणाले, "ताई, तुमची पट्टी सरळ होती."

त्याच दिवशी त्यांनी वर लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. मॉडेल मोजणीशी तंतोतंत जुळतंय, एका पाइपावरून ते बदलता येणार नाही. लांबच्या डोंगरातल्या खडकापासून नवी मोजणी पुढच्या वर्षी करू.

ताई जावेकडे गेल्या आणि घर सोडा म्हणाल्या. दीर म्हणाले, "वहिनी, नकाशा अजून हिरवाच आहे. तुम्हीच दाखवलात." ताई चारदा जाऊन समजावून आल्या. पाचव्यांदा जायच्या आत मागची भिंत पडली. दीर तिच्याखाली सापडले नाहीत, पण पळताना पडले आणि मांडीचं हाड मोडलं. दोघं ताईंकडे राहायला आली.

नवी मोजणी झाली. खुंटी एकतीस सेंटिमीटर खाली गेली होती. आता मॉडेलला हवं होतं ते हे, की कधी गेली. अकरा वर्षांत सारखी गेली असेल, तर बाकीच्या गल्ल्यांच्या हाती दहा वर्षं होती. अलीकडेच झपाट्याने गेली असेल, तर दोन-तीन. हे सांगू शकले असते ते फक्त खडकावरच्या वरच्या टोकाचे आकडे; ते टोक ज्या वर्षी जितकं वर आलेलं दिसलं, तितकी खुंटी त्या वर्षी खाली गेलेली. ते वगळले होते, म्हणजे कुठे लिहूनच ठेवले नव्हते.

इंजिनिअर ताईंसमोर स्टूल ओढून बसले. काही आठवतं का, म्हणून विचारलं.

"आकडे तुम्ही वाचायचात, मी पट्टीमागे," ताई म्हणाल्या. "पण वरच्या टोकाला पट्टी तिरकी म्हणून तुमचा ओरडा आठवतो. आधी नुसतं हसायचात. शेवटची तीन वर्षं फार ओरडलात."

इंजिनिअरनी मान खाली घातली आणि ते कागदावर लिहून घेतलं. खुंटी शेवटच्या तीन वर्षांतच झपाट्याने गेली असावी, असा मुख्य कार्यालयाला फोनही केला. तिथल्या मॉडेलवाल्या बाईंनी शांतपणे ऐकलं, पटतंय म्हणाल्या, पण हे कुठल्या रकान्यात भरू, असं त्यांनी विचारलं. तसा रकाना नव्हता. एकतीस सेंटिमीटर अकरा वर्षांत सारखे वाटून टाकले गेले.

नव्या नकाशात चढावरची गल्ली लाल होती. ताईंची पिवळी, दहा वर्षांची. जावेने कागद दोन्ही बाजूंनी पाहिला आणि हळूच विचारलं, "ताई, तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय होतंय," ताई म्हणाल्या, आणि दिरांना कुशीवर वळवायला उठल्या.