गिरणीच्या भिंतीवरचा कागद

शाळेतल्या बाई दर महिन्याला वर्गाचा एक कागद काढतात. घरी दिला की कोणी वाचत नव्हतं, म्हणून बाईंनी त्यावर प्रत्येक पोराच्या हातची, आपल्या घराबद्दलची एक ओळ घेतली आणि कागद पिठाच्या गिरणीत लावला. आता दळण होईपर्यंत सगळा गाव माना वर करून वाचतो.

मी चौथी नापास. पण अक्षराला अक्षर लावून माझं मी वाचतो, कुणाला विचारत नाही. मागच्या खेपेला मात्र नातीची ओळ गिरणीवाल्यानंच मोठ्यानं वाचली, "आमचे आजोबा पडवीत एकटे जेवतात."

"काय अण्णा, सुनेनं वाळीत टाकलं का काय?"

"मलाच जेवताना वारा लागतो," म्हणालो आणि पिठाचा डबा उचलला.

पोरांना लिहायला शिकवतात ते खरं लिहावं म्हणून, की चारचौघांत बरं दिसावं म्हणून? त्या भिंतीपुढं बाया आधी आपल्या पोराची ओळ शोधतात, मगच श्वास सोडतात. कागदाचा घराघरात धाक बसलाय.

त्या दिवशी सुनेनं पोरीला धरलं. "घरातलं गावाला सांगतेस?" पोर रडली नाही. माझ्यावर गेली, असं मला वाटलं.

आज नवा कागद लागला. नातीनं लिहिलंय, "आम्ही सगळे मिळून जेवतो." शेजारी बाईंची लाल चांदणी.

"बघा अण्णा, आता कसं छान लिहिलंय," गिरणीवाला म्हणाला.

मी हो म्हणालो. एवढ्याशा पोरीला चारचौघांत खोटं पाडणं माझ्यानं झालं नाही.