तीन नंबरचा प्रेस

सातपूरच्या आमच्या प्रेस शॉपमधले किस्से मी कधी लिहून ठेवले नाहीत. ते कानातच साठतात. तिथे आधीच दिवसरात्र ‘ईईई’ चालू, त्यात यांची गर्दी!

पत्रा ठोकणारे प्रेस, मी इन्स्पेक्शनला. कान सगळ्यांचेच वाजायचे, पण बोलायचं कुणी नाही. मला वाटायचं, घरचा पंखाच बिघडलाय. तिसरा इलेक्ट्रिशियन शेवटी म्हणाला, “ताई, मेन स्विच बंद केलाय. आता कसला आवाज येतोय?”

*

मग कानाच्या डॉक्टर मॅडम. म्हणाल्या, दणदणाटाने कानाच्या आतलं नाजूक काम बिघडलंय. आवाज पूर्ण जाईलच असं नाही, पण सवय होते. कामावर कानात प्लग घाला. घरी अगदी शांत बसू नका, हळू काहीतरी चालू ठेवा.

नवरा म्हणाला, “म्हणजे तुझी बडबड आता औषधात आली?”

*

शॉपमध्ये आम्ही हातवाऱ्यांनीच बोलतो. प्रेसवरच्या वैशालीच्या भाचीच्या लग्नात बँडशेजारी बसून आम्ही दोघींनी तासभर तशाच गप्पा मारल्या. नवऱ्या मुलाची आई हळहळली. “त्या बिचाऱ्यांना आधी वाढा गं.”

आम्ही जिलेबी संपेपर्यंत बिचाऱ्याच राहिलो.

*

तीन नंबरच्या प्रेसवर तीस वर्षं भामरेमामा होते. रोज एकच घोकायचे, रिटायर झालो की इगतपुरीकडे गावी जाऊन ओसरीवर शांत बसायचं. शाल-नारळ घेऊन गेले. त्यांच्या जागी वैशाली आली. दणदणाट नको झाला की मी डोळे मिटून मामांची ती ओसरी बघायचे. हेवा वाटायचा.

परवा मामांचा फोन आला.

“लय शांत हाय इकडं.”

“मजा आहे मामा तुमची.”

“कसली मजा? कान नुसता ओरडतोय. दुपारचा डोळा लागंना.”

मी मॅडमचं ज्ञान पाजळलं. पंखा लावा, रेडिओ लावा. सगळं करून झालं होतं. मामा जरा घुटमळले.

“तीन नंबर चालू हाय का?”

“आहे की.”

“फोन तिथं ठिव ना पोरी. बोलू नको काही.”

मी फोन वैशालीजवळच्या स्टुलावर ठेवला आणि कामाला लागले. जेवणाच्या सुट्टीला सगळे प्रेस थांबले. फोन कानाला लावला तर मामा मस्त घोरत होते. स्पीकरवर टाकून आम्ही डबे उघडले.

घोरणं थांबलं.

“प्रेस कुणी बंद केला रे?”

वैशालीने हातातला घास डब्यात ठेवला, उठली आणि तीन नंबर चालू केला.