ओळख देणारी म्हातारी

भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की मला आधी हसू येतं आणि मग जांभई. आमचं घर भोरचं, बौद्ध. अंगात येणं, करणी, बाहेरची बाधा हे सगळं कसं थोतांड आहे यावर वडील विहारात तावातावाने बोलायचे आणि आम्ही भावंडं मागे बसून पेंगायचो. पुढे मी पोलिसात भरती झाले. या नोकरीत माणसांचेच इतके प्रकार बघितले की भुतांना करण्यासारखं काही उरलंय असं मला कधी वाटलं नाही. तेव्हा "या बाई घाबरट असतील" असं कुणी म्हणू नये. घाबरायलाही अंगात त्राण लागतं, आणि ते माझ्याकडे हल्ली नसतं.

मी वेल्हे तालुक्यात हवालदार आहे. पासलीच्या बाजूची डोंगरातली गावं माझ्या बीटला. बीट म्हणजे कागदावर छान दिसणारी गोष्ट... प्रत्यक्षात एक स्कूटी, दुखणारे गुडघे आणि निम्म्या वाटेत गायब होणारी रेंज. एवढ्या गावांना पोलीस पुरणार कसे? म्हणून ग्राम सुरक्षा दल. गावातलेच लोक, हातात काठी, गळ्यात शिट्टी, अंगात चमकणारं जॅकेट. बहुतेकांना वाटतं दल रात्री फिरतं. आमच्याकडे खरी गरज भातकापणीला असते, आणि तीही भरदुपारी! अख्खं गाव खाचरात, घरांना कुलपं, म्हातारी माणसंसुद्धा बांधावर. चोरांना याहून बरा मोसम कुठला?

त्या कापणीला शेजारच्या खोऱ्यात दोन-तीन घरं फुटली होती. मी गावोगाव बैठका घेत होते. प्रत्येक ठिकाणी तेच सांगायचं, घसा बसेपर्यंत – अनोळखी माणूस दिसला तर हात लावायचा नाही. पारावर बसवायचं, पाणी द्यायचं, मला फोन करायचा. आणि गावातल्या कुणीही "मी ओळख देतो" असं चारचौघांत म्हटलं, की त्याला सोडायचं. एवढा एकच नियम. लोक माना डोलवायचे, चहा व्हायचा, फोटो निघायचा.

माझ्या नियमापेक्षा व्हॉट्सअॅप जोरात होतं. "गॅस शेगडी दुरुस्तीच्या नावाखाली टोळी फिरत आहे, सावध राहा" – असा एक मेसेज फिरत होता. कुठून आला, कुणी लिहिला, काही पत्ता नाही. मी ग्रुपवर "अफवा आहे" म्हणून टाकलं. त्यावर कुणीतरी हात जोडलेला इमोजी पाठवला आणि खाली पुन्हा तोच मेसेज फॉरवर्ड केला.

एका दुपारी मी पासलीत भाकरी खात होते आणि पलीकडच्या एका गावातून फोन आला. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. दलाचा प्रमुख किसन बोलत होता.

"मॅडम, गावलाय एक! शेगडीवालाच हाय. लवकर या, मानसं ऐकनात."

शेवटचं वाक्य ऐकून मी भाकरी तशीच टाकली.

पोचले तेव्हा पारावर एक चाळिशीचा माणूस बसवलेला होता. भाताचे भारे बांधायच्या दोरीने हात मागे बांधलेले. कपाळ फुटलेलं. पिशवी उलटी केलेली – बर्नर, पक्कड, रबरी नळीचे तुकडे, पिना. आणि सभोवार सगळं गाव. गावठाण, वरची वाडी, खालची वाडी, सगळी माणसं थेट खाचरातून उठून आली होती. प्रत्येकाच्या हातात विळा. कापता कापता उठून आले होते म्हणून विळा, वाईट हेतूने नव्हे, हे मला कळत होतं. पण विळा तो विळाच ना! मला खरोखर भीती वाटली.

मी त्या माणसाच्या पुढे उभी राहिले. ठाण्याची गाडी बंदोबस्ताला गेलेली, यायला वेळ लागणार होता. मी बोलायला लागले. समजावलं, दरडावलं, कायदा सांगितला.

"तुमी बाजूला व्हा मॅडम," मागून कुणीतरी ओरडलं. "तुमी नेनार, दोन दिसांत सोडनार. परत आमच्याच घरात शिरनार त्यो!"

"ओळखतं का याला कुणी?" मी ओरडले. "कुणीतरी बोला! कुणाच्या घरी आला असेल हा कधी!"

उत्तरादाखल एक दगड माझ्या कानाजवळून गेला. पुढची रांग एक पाऊल सरकली आणि मला वाटलं, संपलं. आज हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत जाणार आणि मी नुसती वर्दी घालून उभी असणार.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. हिरवं लुगडं, केसांत भाताची कुसं अडकलेली, कमरेला विळा खोचलेला. घाई नाही, काही नाही. येऊन त्या माणसाच्या शेजारी पारावर बसली. दमून टेकतात ना, तशी.

"ह्यो शेगडीवाला हाय," ती म्हणाली. आवाज काही मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "शिमग्याच्या वक्ताला माज्या घरी आलावता. शेगडीची पिन साफ केली. चा कराया दूध नव्हतं तर कोराच पिला. जाताना पान्याचा हंडा उचलून आत ठिवला. चोर असली कामं करतोय व्हय? मी वळख देते. सोडा त्याला."

किसनने विचारलं, "आज्जी, नक्की का?"

"मी वळख देते म्हनलं न्हवं!"

आणि गंमत बघा – माझा तो नियम, जो कुणी मनावर घेतला असेल असं मला वाटलं नव्हतं, तो चालला. किसननेच दोरी सोडली. पुढची रांग मागे झाली. बायका "जाऊ द्या, जाऊ द्या" म्हणायला लागल्या. मी आजींना म्हटलं, उद्या येते, जबाब लागेल तुमचा. त्यांनी मान हलवली. मी शेगडीवाल्याला स्कूटीवर मागे बसवलं आणि निघाले. मागे वळून बघितलं तेव्हा आजी बायकांच्या घोळक्यात उभ्या होत्या. धूर नाही, गायब होणं नाही, काहीही नाही.

वाटेत तो म्हणाला, "मॅडम, त्या आज्जी कोन व्हत्या?"

"तुम्हालाच माहीत. चहा प्यायलात ना त्यांच्याकडे."

"चा पिलो, कोराच पिलो. हंडा बी उचलला. पन त्या घरात ह्या नव्हत्या. तिथली बाई तरनी हाय, आन् घरात ती एकलीच व्हती. ह्या आज्जींना म्या आज पयल्यांदा बघितलं."

डोक्याला मार लागलाय, मी मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी जबाबासाठी गावात गेले. शेगडीवाला तक्रार द्यायला तयार नव्हता, पण नोंद करायची तर ओळख कुणी दिली ते नाव हवं. किसन म्हणाला, "ती व्हय? ती खालच्या वाडीची." खालच्या वाडीत म्हणाले, आमची नाही, वरच्या वाडीची असेल. वरच्या वाडीत म्हणाले, छे, गावठाणातली. गावठाणात सांगितलं, आम्हाला वाटलं खालच्या वाडीची! प्रत्येक जण आपली नाही म्हणजे दुसऱ्या वाडीची, असं धरून चालला होता. कुणाची पाहुणी? कापणीला पाहुणे येतात ते नाती सांगून येतात, पण मी घरोघर विचारलं तर तशी पाहुणी कुणाकडेच आली नव्हती. व्हिडिओ चार-पाच जणांनी काढले होते, पण केस होईल या धास्तीने रातोरात सगळ्यांनी उडवले.

मी वैतागून एका ओट्यावर बसले. सुलाबाईंचा ओटा. पस्तिशीच्या असतील, नवरा पुण्याला कंपनीत, घरात एकट्याच. त्यांनी पाणी दिलं, आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"ती बोलली ते समदं माज्या घरातलं हाय, मॅडम," त्या म्हणाल्या. "कोरा चा. हंडा. समदं."

"तुम्ही कुणाला सांगितलं होतं?"

"कुनाला सांगू? परक्या मानसाला घरात बसवून चा पाजला म्हनलं तर गाव काय म्हनंल? मालकाला सुदिक सांगितलं न्हाई." पदर तोंडाला लावला त्यांनी. "तुमी इचारलं ना, वळखतं का कुनी... तवा म्या तिसऱ्या रांगंत व्हते. शबुद तोंडात आलेवते. पन भाईर पडंनात. आन् मग ती बोलाया लागली. माजंच. म्या मनात जसं जुळवलंवतं तसंच."

सहकाऱ्यांना सांगितलं तर म्हणाले, कुणा शेजारणीने खिडकीतून बघितलं असेल, तिने कुणाला सांगितलं असेल, म्हातारी भलत्याच गावची असेल. असेल. मीही स्वतःला तेच सांगते. फक्त त्यानंतर आसपासच्या गावांत इतक्या वेळा जाऊनही ती मला कुठे दिसली नाही, आणि तिचं नाव सांगणारं कुणी भेटलं नाही. वडील असते तर त्यांनी मला फैलावर घेतलं असतं.

सुलाबाई दोन दिवसांनी एसटीने ठाण्यावर आल्या. मी बोलावलं नव्हतं. म्हणाल्या, माझं नाव लिवा, मी देते वळख. त्याच वेळी शेगडीवाला ठाण्यात जमा असलेली पिशवी न्यायला आलेला. कपाळाला पट्टी. दोघं समोरासमोर उभे राहिले. सुलाबाईंना मान वर करवेना.

"दादा," त्या कशाबशा म्हणाल्या, "म्या तिथंच व्हते."

"ठावं हाय ताई," तो पिशवीचे बंद आवळत म्हणाला. "दिसलावता की तुमी मला. इळं घेऊन उभी व्हती समदी, तुमच्या बी अंगावर आली असती. म्हनून तर म्या तुमच्याकडं बघितलं न्हाई."