मधुभाऊ चित्र ताणत नाही

मधुभाऊच्या दुकानात मेलेल्या रिमोटांचा एक खोका आहे. कोणी नेत नाही, कोणी फेकत नाही, खोका आपला भरतच जातो. आमचे किस्से तसेच साचले! महाल भागातल्या गल्लीत त्याचं टीव्हीचं दुकान. विक्री आणि दुरुस्ती तो करतो. मी समोरच्या बाकावर बसून गिऱ्हाइकांना चुकीचे सल्ले देतो. आपलं शिक्षण सातवी, तेही शेवटचा पेपर न देता. एवढ्या भांडवलावर दुसरं काय करणार?

* * *

आमच्या गल्लीतले रिटायर गुरुजी नवा टीव्ही घेऊन गेले आणि दोन दिवसांत तणतणत परत आले.

"काय जी मधुभाऊ! सिनेमा लावला का वर काळी पट्टी, खाली काळी पट्टी. मधात सिनेमा, पोळीतल्या पुरणासारखा!"

मधुभाऊ समजावू लागला, की सिनेमाचं चित्र टीव्हीपेक्षा लांबोळं असतं, पूर्ण बसवलं की वर-खाली जागा उरणारच. मी मध्येच तोंड घातलं, "गुरुजी, ओल्या फडक्यानं पुसा. रोज थोडी थोडी निघते."

पुढच्या आठवड्यात गुरुजी भेटले. एकदम खूश!

"वरची बरीच पुसट झाली गा. खालची जरा चिवट हाय."

* * *

प्रमिलावहिनी म्हणजे मधुभाऊची बायको. दुकान त्याचं, हुकूम वहिनींचा. एकदा त्यांनी विचारलं, "या कंपन्या सगळे पडदे एकाच मापाचे काहून नाही करत?"

झालं! मधुभाऊ रंगात आला. "पहिले टीव्ही डब्यासारखा चौकोनी होता, जुन्या सिनेमाच्याच मापाचा. लोक घरीच बसून पाहाले लागले, तं सिनेमावाल्यांनी पडदा रुंद केला, का बाबा थिएटरात या. एकानं एवढा केला, दुसऱ्यानं त्याहून मोठा. मग नव्या टीव्हीसाठी दोघांच्या मधलं माप धरलं, सोळाले नऊ. जुनं काही लावलं तं बाजूनं पट्टी, सिनेमा लावला तं वर-खाली पट्टी. दोघंही खूश!"

वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे भांडण त्यांचं, अन् काळ्या पट्ट्या माह्या घरात!"

* * *

त्यांचा एकुलता एक पोरगा निलेश. स्वभावानं सोनं, अंगानं शेवग्याची शेंग. तिशी उलटली तरी लग्न जमेना. वहिनींना तेवढा एकच घोर. देवापुढे बसल्या की दुसरं मागणंच नाही.

ऑफिसात त्याला नवा लॅपटॉप मिळाला. रुंदीला मोठा, उंचीला बुटका.

"बाबा, उंची काहून कमी केली?"

"अरे, मोठ्या काचेतून हे पडदे कापतात. टीव्हीच्याच मापात लॅपटॉप कापला का तुकडे वाया नाही जात."

मला हे लगेच पटलं. इतवारी बाजारातला कापडवाला आणखी काय करतो? ताग्यात जे बसलं, ती फॅशन!

"पण काका," निलेश म्हणाला, "मले खालच्या ओळी दिसूनच नाही राहिल्या."

"मंग साहेबाले सांग ना, तेवढं काम कमी द्या म्हणा," मी सल्ला दिला.

बापडा खरंच सांगून आला! साहेब म्हणाले, "काही हरकत नाही. पगारही वरच्याच ओळींचा देऊ."

* * *

मधुभाऊचा एक हट्ट आहे. चित्र ज्या मापाचं, त्याच मापात दाखवायचं. ताणायचं नाही. गणपती मंडळाचा अध्यक्ष जुन्या आरतीचा व्हिडिओ घेऊन आला.

"भाऊ, पडदा पूर्ण भरला पायजे."

"नाही भरणार. बाजूनं पट्ट्या राहतीन. गणपतीचं पोट हाय तेवढंच दिसन."

"अरे, देवाले मोठं पोट चालते गा!"

"मले नाही चालत!"

काम गेलं दुसऱ्या दुकानात. वहिनी म्हणाल्या, "या हट्टापायी एक दिवस पोराचं लग्नही जाईन."

* * *

कळमेश्वरचं स्थळ आलं. पोरगी तिथल्या एका कारखान्यात माल तपासायच्या कामावर. मधुभाऊनं आपल्या जुन्या, चौकोनी चित्राच्या कॅमेऱ्यानं निलेशचा व्हिडिओ काढला आणि पेनड्राइव्हमध्ये घालून पाठवला. तिकडून लगेच फोन, "पोरगा पसंत हाय, पाहाले या!" वहिनींनी देवापुढे साखर ठेवली. मीही सोबत निघालो. असा कार्यक्रम मी सोडतो का?

आम्ही बसलो. पोरीची आई आमच्या मागे दाराकडेच बघत होती.

"नवरदेव मागून येऊन राहिले का जी?"

"हाच नवरदेव," वहिनी म्हणाल्या.

पोरीचा मामा उसळला, "पाठवला एक अन् आणला एक!"

त्यानं टीव्हीवर तोच व्हिडिओ लावला. त्यांच्या टीव्हीची सेटिंग अशी, की येईल ते चित्र ताणून पडदा भरायचा. निलेश असा गुबगुबीत, गाल म्हणजे दोन बटाटेवडे! मधुभाऊनं रिमोट मागून घेतला आणि बटन दाबलं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या आणि मधोमध आमची शेंग.

"पाहा!" मामा ओरडला. "आता आमच्या डोळ्यादेखत पोरगा दाबला यांनी!"

पोरीची आई हळूच म्हणाली, "मले तं पहिलेवालाच पसंत होता. खात्यापित्या घरचा दिसत होता."

निलेश पोह्यांतले शेंगदाणे मोजत होता. वहिनींचा पदर डोळ्यांकडे गेला. मधुभाऊनं एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा पोराकडे. मग रिमोट उचलला आणि आपल्या हातानं चित्र ताणलं. निलेश पडदाभर पसरला.

"घ्या ताई. लग्न तं होऊ द्या, सहा महिन्यांत असाच करून देतो. माही गॅरंटी!"

इतका वेळ मान खाली घालून बसलेली पोरगी मधुभाऊला म्हणाली,

"तोंडी नाही चालणार, बाबा. दुकानाचा शिक्का मारून द्या."