अडीनडीचं कार्ड

वैद्यकाकांच्या घरी सोफ्यावरचं प्लॅस्टिक कधी निघालं नाही. वर्तकनगरच्या आमच्या वसाहतीत ते समोरच्याच दारात राहायचे. एका कारखान्यात जन्मभर स्टोअरकीपर होते. निवृत्तीनंतर त्यांनी घराचंच स्टोअर केलं. नवी चादर, नवे कप, काकूंची कोरी रेशमी साडी, सगळं कपाटात. काकूंनी कुरकुर केली की उत्तर ठरलेलं, "असू दे गं. वेळेला लागेल."

त्यांचा मिलिंद दार-ए-सलामला नोकरीला होता. नव्वदीची अखेर ती. घरच्या फोनवरून परदेशी फोन लागत नसे, म्हणून काका फोनचं कार्ड आणत. ते खरवडायचं, आतला लांबलचक नंबर फिरवायचा, की आफ्रिका. बारीक आकडे काकांना दिसत नसत, त्यामुळे दर रविवारी मला हाक. एक कार्ड मात्र न खरवडता देव्हाऱ्यात ठेवलेलं. "हे अडीनडीचं. याला हात लावायचा नाही." दसऱ्याला त्याला हळदकुंकूसुद्धा वाहिलं. मी हसले तर म्हणाले, "हस, हस. वाईट बातमी रविवार बघून येत नाही."

पुढच्या वर्षी काकूंना कॅन्सर निघाला आणि तो हाताबाहेर गेला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मिलिंदचं तिकीट शनिवारचं होतं. गुरुवारी दुपारी काकू शुद्धीवर आल्या आणि स्पष्ट म्हणाल्या, "मिलूशी बोलायचंय. आत्ता."

काकांनी देव्हाऱ्यातलं कार्ड आणलं. मी खरवडून नंबर फिरवला. कार्डाची मुदत संपली आहे, असं कुणी बाई गोड आवाजात सांगत राहिली. मागे तारीख छापलेली होती. जन्मभर मालाच्या तारखा तपासलेल्या माणसाने ती पाहिली नव्हती. चांगले डोळे असून मीही पाहिली नव्हती, याची लाज मला अजून वाटते.

कोपऱ्यावरचं दुकान दुपारचं बंद. रिक्षाने नौपाड्यात जाऊन कार्ड घेऊन आले, तेव्हा काका काकूंच्या तोंडात तुळशीपत्र ठेवत होते. "दोनदा विचारलं तिने, लागला का म्हणून," ते म्हणाले. मग फोन माझ्याकडे सरकवत, "लाव. आता त्याला सांगायला हवं."

दिवसवार झाल्यावर काकांनी मला बोलावलं. सोफ्यावरचं प्लॅस्टिक कापून काढलेलं होतं. काकूंची ती साडी माझ्या हातात देत म्हणाले, "ठेवू नकोस. आजच नेस."

घरी येऊन घडी मोडली, तर साडी घडीवरच विरलेली. मी फाटका भाग निऱ्यांत लपवला, तशीच नेसले आणि दाखवायला गेले.

"छान आहे गं," काका म्हणाले. "तिलाही शोभली असती."