काकूंच्या खिडक्यांचा रंग

"उन्हात पाहू," काकू म्हणायच्या आणि हातातली वस्तू घेऊन थेट अंगणात जायच्या.

वस्तू कुठलीही असो. भाजीवाल्याचं वांगं, औषधाची बाटली, पुतणीला सांगून आलेल्या मुलाचा फोटो. अंगणाच्या मधोमध उभं राहायचं, हात लांब करायचा, डावा डोळा मिटायचा, मान जराशी तिरपी करायची आणि निकाल द्यायचा. फोटोतल्या एका मुलाला त्यांनी असंच नापास केलं होतं. "घरात बरा दिसून राहिला होता," एवढंच कारण सांगितलं. पुतणीनं निकाल मान्य केला, हे विशेष.

माझ्या पहिल्या पत्रकाचीही हीच गत झाली. आमच्या मोहल्ल्याला नळ मिळावा म्हणून मी पत्रकं काढतो. स्वतः लिहितो, स्वतः छापून आणतो, स्वतः वाटतो आणि शिव्याही स्वतःच खातो. 'झोपलेल्या ग्रामपंचायतीला जळजळीत सवाल' असा मथळा होता. काकूंनी कागद उन्हात धरला.

"बाबू, लय पातळ हाय गा. मागचं पुढं दिसून राहिलं."

"कागदाचं सोडा. मजकूर कसा आहे, काकू?"

"तेच तर सांगून राहिली."

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. तो तुमचा अपमान करतो आणि वर चहा पाजतो, आणि अपमान झाला हे तुम्हाला घरी पोचल्यावर कळतं.

आमचं आंधळगाव कोशाच्या रेशमी कापडाचं गाव. काकूंच्या घरीही माग होता, काका असेपर्यंत चालला. काकांनी बांधलेलं घर मात्र सगळ्या गल्लीत वेगळं. पक्क्या लाल विटांचं आणि बाहेरून गिलावा नसलेलं. "भट्टीतून एवढी चांगली वीट निघाली, तिले झाकायचं कायले?" असं काका म्हणायचे. विटांना विटांचा रंग होता, तो प्रश्न मिटला. राहिल्या खिडक्या. दोन समोर, एक डाव्या अंगाला, एक उजव्या अंगाला. त्यांच्या लाकडी चौकटींना कोणता रंग द्यायचा यावर नवराबायकोचं एकमत होईना, म्हणून तांबडा प्रायमर मारून ठेवला. मग काका गेले. प्रायमर राहिला.

त्या उन्हाळ्यात सुताराने चौकटीवर बोट ठेवलं तर वाळवीनं पोखरलेल्या लाकडात बोट आत गेलं. "उदई लागली, काकू. पावसाच्या आत रंग नाही लावला तर खिडकी हातात येईल."

आणि नेमकी त्याच उन्हाळ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली.

आता गोष्ट नीट समजून घ्या, कारण यात काकूंचं जगणं अडकलं होतं. काकूंना दोन दीर. मधले डावीकडच्या घरात, धाकटे उजवीकडच्या घरात, मध्ये काकूंचं विटांचं घर. दोघा भावांचा काही वर्षांपासून अबोला, कारण विचाराल तर दोघांनाही धड आठवायचं नाही. त्या वर्षी दोघेही एकाच वॉर्डातून एकमेकांविरुद्ध उभे राहिले. मधल्यांच्या पॅनेलचा रंग गुलाबी. धाकट्यांच्या पॅनेलचा पोपटी. आणि काकूंचं पाणी येई मधल्यांच्या बोरवरून, पाइप टाकून. संध्याकाळची भाजी येई धाकट्यांच्या चुलीवरून, झाकण ठेवून.

"गुलाबी लावला तर भाजी बंद," काकू बोटं दुमडत म्हणाल्या, "पोपटी लावला तर पाणी बंद. कोरड्या घशानं भाजी खाऊ का बिनभाजीचं पाणी पिऊ?"

"तिसरा कोणताही लावा ना."

"कोणता? सांग बरं."

मी एकेक रंग आठवायला घेतला. मी विचारतो, या देशात माणसाला खिडकीसाठी एक बिनमालकाचा रंग मिळू नये? भगवा म्हणावं तर मालक आहे. निळा म्हणावं तर मालक आहे. हिरवा, लाल, सगळ्यांचे मालक ठरलेले. इंद्रधनुष्याचीच वाटणी झाली आहे आणि याविरुद्ध एकही मोर्चा निघत नाही.

काकूंनी मोर्चा काढला नाही. त्यांनी माळ्यावरून जुन्या रेशमाच्या लडी काढल्या. लडी म्हणजे रंगवलेल्या धाग्यांची गुंडाळी. विणकराच्या घरची रीतच अशी आहे. लुगड्याला काठ कोणत्या रंगाचा घ्यायचा ते दुकानाच्या दिव्याखाली ठरत नाही. लडी कापडाशेजारी टांगायची, सकाळी पाहायची, दुपारी पाहायची, ऊन उतरताना पाहायची, मग बोलायचं. काकूंच्या हिशेबात विटांचं घर म्हणजे लुगडं आणि खिडकी म्हणजे काठ. त्यांनी समोरच्या खिडकीच्या खिळ्याला एक गुलाबी लडी टांगली आणि झोपायला गेल्या.

सकाळी मधल्यांच्या बोरचं पाणी नेहमीपेक्षा दुप्पट वेळ चाललं. टाकी भरून अंगणात वाहिलं. मधल्या काकी स्वतः येऊन पाइप धरून उभ्या राहिल्या. "वयनी, अजून बादल्या आहेत का?" संध्याकाळी धाकट्यांकडून भाजी आली, ती आळणी.

दुसऱ्या दिवशी काकूंनी पोपटी लडी टांगली. संध्याकाळी भरली वांगी आली, वर तेलाचा तवंग, सोबत वडे. पुढच्या सकाळी पाणी करंगळीएवढं.

काकूंनी दोन्ही लडी शेजारी शेजारी मांडीवर ठेवल्या. मग मी त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू पाहिलं, ते मी पुढे फक्त जिंकलेल्या उमेदवारांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. त्या दिवसापासून कपडे धुवायचे असले की खिडकीला गुलाबी, आणि तोंडाला चव नसली की पोपटी. एकदा घरी पाहुणे येणार होते तर एका खिळ्याला गुलाबी आणि दुसऱ्याला पोपटी. त्या दिवशी दोन्ही पॅनेलचे कार्यकर्ते समोरच्या पानठेल्यावर दिवसभर बसून हिशेब लावत होते. कोणत्या रंगाची लडी जाड आहे, यावर वाद झाला.

मला संताप आला. मी गेलो आणि तोंडावर बोललो. "काकू, हे बरोबर नाही. हा संधिसाधूपणा आहे. माणसानं भूमिका घेतली पाहिजे."

"घेतली ना. मंगळवारी गुलाबी, बुधवारी पोपटी."

"लोकशाहीची थट्टा करून राहिल्या तुम्ही!"

"मी काहून थट्टा करू बाप्पा? मी खिडकीले रंग पाहून राहिली. थट्टा ते करून राहिले." मग जरा थांबून म्हणाल्या, "नळ आण ना तू. नळ आला का मग मी तुह्या पत्रकावर सही करतो, भूमिका घेतो, नारे देतो. तोवर मले पाणी मधल्याचंच पाहिजे."

मी तडक घरी आलो. नवं पत्रक काढलं.

मतदान जवळ आलं तसे दोन्ही दिरांचे धीर सुटले. एका सकाळी मधले दारात उभे. हातात गुलाबी ऑइलपेंटचा बंद डबा. "वयनी, तुमच्या खिडकीसाठी आणला. लावून टाका." तो डबा आत जातो न जातो तोच उजवीकडून धाकटे आले, हातात पोपटी. "वयनी, दादा असते तर हाच लावला असता."

"ठेवा ना भाऊजी," काकूंनी दोघांनाही तेच उत्तर दिलं. "उन्हात पाहू."

मग त्या माझ्याकडे आल्या.

मी तेव्हा ग्रामपंचायतीसमोरच्या जुन्या गोदामाच्या भिंतीवर घोषणा लिहीत होतो. पांढरा ऑइलपेंट, हात-हातभर अक्षरं. 'आमच्या मोहल्ल्याला नळ द्या, नाहीतर' इथवर झालं होतं. पुढे 'खुर्च्या खाली करा' लिहायचं होतं. ते वाक्य मला रात्रभर सुचत नव्हतं आणि सकाळी दात घासताना सुचलं होतं.

"बाबू, पांढरा उरला का गा?"

"काकू, मी लिहून राहिलो ना."

"थोडासा दे. नमुन्यापुरता."

त्यांनी डबाच उचलला आणि पदराखाली धरून चालू पडल्या. म्हाताऱ्या बाईच्या हातून डबा हिसकावणारा चळवळ्या अजून जन्मायचा आहे. मी ब्रश हातात घेऊन भिंतीसमोर उभा राहिलो. ते 'नाहीतर' तसंच राहिलं.

संध्याकाळी डबा मागायला ब्रश घेऊनच गेलो तर अंगणात बादली. काकूंनी मधल्यांचा गुलाबी आणि धाकट्यांचा पोपटी एकत्र ओतला होता आणि काडीनं घोटत होत्या. बादलीत जे तयार झालं होतं ते गोठ्यात शोभलं असतं.

"काकू, हे शेण झालं."

"दिसून राहिलं मले. म्हणून तर तुहा पांढरा आणला."

पांढरा पडला, काडी फिरली, आणि बादलीतून हळूहळू एक रंग वर आला. आमच्या गावात जन्मलेल्या पोराला तो ओळखायला शिकवावं लागत नाही. न रंगवलेल्या कोशाचा, थेट किड्याच्या घरातून निघालेल्या धाग्याचा रंग. काकूंनी काडीवर घेऊन तो विटेला लावला, मागे सरकल्या, डावा डोळा मिटला. 

"तुहे काका म्हणत होते," मग त्या म्हणाल्या, "खिडकीले कोशाचा रंग दे म्हणून. मी म्हणत होती, हा काय रंग झाला? घरातच तर हाय, दाराले कायले पाहिजे." आणि लगेच काडी माझ्या हातात देऊन, "उभा काय राहिलास? घोट."

दुसऱ्या दिवशी चारही खिडक्या रंगून तयार. लाल विटांवर तो रंग असा बसला की गल्लीतून जाणारी सायकल थांबायची. दोन्ही पॅनेलची माणसं आली, चिडून आली आणि काय बोलावं ते न कळून उभी राहिली. मधल्यांना नाही म्हणता येईना, त्यांचा डबा लागला होता. धाकट्यांनाही नाही म्हणता येईना. पाणी नेहमीएवढं आलं. भाजीत मीठ नेहमीएवढं पडलं.

निवडणुकीत दोघेही पडले. निवडून आला तिसराच, त्याला कुठला रंगच नव्हता. निकालाच्या संध्याकाळी काकूंनी दोघा दिरांना चहाला बोलावलं, दोघांनाही एकच वेळ देऊन आणि एकमेकांबद्दल काही न सांगता. दोघे ओट्याच्या दोन टोकांना बसले. मी मध्ये, कारण मला वाटलं मारामारी होईल आणि मला ती लिहून काढता येईल. दोघे समोर बघत चहा पीत राहिले. मग मधले खिडकीकडे पाहत, कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "तो खालचा कोपरा नीट नाही लावला."

धाकट्यांनी वाकून पाहिलं. "हो. ब्रश खराब असन."

काही वर्षांत झालेलं ते त्यांचं पहिलं बोलणं. काकू आतून ओरडल्या, "ब्रश या बाबूचा होता!" आणि दोघे भाऊ मिळून माझ्याकडे रागानं बघू लागले.

पुढे कधीतरी भर दुपारी मी त्यांच्या घराभोवती फिरत होतो आणि सहज म्हणून डावा डोळा मिटून पाहिलं. मधल्यांच्या अंगणाकडची खिडकी पुसटशी गुलाबीकडे झुकली होती. धाकट्यांच्या अंगणाकडची पोपटीकडे. सावलीत चारही सारख्या, उन्हात नाही. मी काकूंना गाठलं.

"बादली लहान होती," त्या म्हणाल्या. "दोनदा कालवावं लागलं."

"काकू!"

"पत्रक नको काढू यावर."

मी काढलं नाही. उघडकीला आणण्यासारखं खरोखर काहीतरी माझ्याजवळ होतं, आणि मी गप्प बसलो. माझ्या पत्रकी आयुष्यातला हा एकमेव डाग आहे.

गोदामाच्या भिंतीवरचं 'नाहीतर' मात्र काम करून गेलं. नवे सरपंच रोज खुर्चीतून ते वाचायचे. एक दिवस मला बोलावून हळूच विचारलं, "नाहीतर काय करणार आहा तुम्ही?" मी म्हटलं, "विचार सुरू आहे." त्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत पाइप पडला. काकूंनी नळाचं पहिलं पाणी पेल्यात घेतलं, अर्थातच अंगणात नेलं. "गढूळ हाय," म्हणाल्या, आणि माझ्या पत्रकावर सही केली. मधल्यांच्या बोरचा पाइप मात्र त्यांनी काढू दिला नाही. "असू दे. त्याले सकाळी यायले निमित्त लागते."

मागच्या उन्हाळ्यात काकू गेल्या. तेरवीच्या आधी घर नीटनेटकं करायचं ठरलं, तेव्हा दोन्ही दीर सोबत माझ्या दारात आले. एकाच्या हातात गुलाबी डबा, दुसऱ्याच्या हातात पोपटी. "पांढरा हाय का तुह्याजवळ? वयनीचाच रंग लावायचा हाय."

काकूंच्या अंगणात, त्याच बादलीत आम्ही तिघांनी घोटायला घेतलं. प्रमाण कुणालाच ठाऊक नव्हतं.

"गुलाबी जास्त होता," मधले म्हणाले.

"नाही गा. पोपटी जास्त होता. माह्याकडून रोज दिसते मले."

"मलेही रोज दिसते."

मी काडी फिरवत राहिलो. बादलीत पुन्हा शेण झालं होतं. पांढरा ओतला, जरा बरं झालं, पण तो रंग काही येईना. तिघेही सावलीत उभे राहून बादलीत डोकावत होतो.

शेवटी धाकटे म्हणाले, "उन्हात पाहू."

मधल्यांनी काडी उचलून पुढे धरली. आम्ही अंगणाच्या मधोमध गेलो. तीन मोठे बाप्ये, माना तिरप्या, डावे डोळे मिटलेले. समोर विटांचं घर. निकाल द्यायला कोणी नव्हतं.